पोर्तुगीज आधी कानाने

"पोर्तुगीज शिकतेय" म्हटलं की लोक विचारतात, "कशाला?" या प्रश्नाला पटण्याजोगं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही. अडतं ते दुसऱ्याच प्रश्नापाशी, आणि तो कुणी विचारत नाही: कोणती पोर्तुगीज?

आपण पहिल्यांदा जे पुस्तक, जे ॲप किंवा जो व्हिडिओ उघडतो, तो एकतर ब्राझीलचा असतो नाहीतर पोर्तुगालचा. कुठला, ते बरेचदा वर लिहिलेलंही नसतं. ड्युओलिंगोवर मिळते ती ब्राझीलची. लिस्बनमध्ये रेल्वेगाडी म्हणजे 'कोंबॉयु', साओ पावलोत 'त्रेंय'. लिस्बनची बस 'औतुकार्रु', ब्राझीलची 'ओनिबुस'. "मी करतेय" हे पोर्तुगालमध्ये 'श्तो अ फझेर' आणि ब्राझीलमध्ये 'इस्तो फझेंदु'. पोर्तुगालमध्ये 'र्रपरीग' म्हणजे साधी मुलगी. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ती शिवी ठरते. दोन्ही देशांचं लेखन जवळ आणावं म्हणून 1990 मध्ये लिस्बनला करार झाला, तरी त्यात उच्चाराप्रमाणे काही फरक राहिलेच. ब्राझीलमध्ये 'फातु' म्हणजे घडलेली गोष्ट, वस्तुस्थिती. पोर्तुगालमध्ये त्याच अर्थाच्या शब्दात 'क' अजून लिहितात आणि उच्चारतातही, कारण तिथे 'फातु' म्हणजे कोट-पँटचा सूट.

यातली एक निवडा आणि पहिलं वर्षभर दुसरीकडे बघू नका, एवढं मी कुणालाही बेधडक सांगते. व्याकरण बिघडेल अशी भीती नाही, कान बिघडतो. कुठे जायचंय, कुणाशी बोलायचंय हे ठरलेलं असेल तर निवड आपोआप होते. अंगोला किंवा मोझांबिकला जायचं असेल तर पोर्तुगालची घ्या, तिथली प्रमाण भाषा तिच्याच जवळची. काहीच ठरलेलं नसेल तर दोन्हीकडच्या बातम्या थोड्या थोड्या ऐका आणि ज्या आवाजाला रोज तासभर सोबत ठेवायची तयारी असेल तो घ्या. सोपी कुठली म्हणाल, तर ऐकायला ब्राझीलची. तिचे स्वर उघडे, मोकळे असतात. मला पोर्तुगालची आवडली, आणि पुढचं जे लिहितेय ते मुख्यत्वे तिच्याबद्दल आहे.

आता मूळ मुद्दा. ज्याला इंग्रजी येतं त्याच्यासाठी पोर्तुगीज कागदावर फार सोपी आहे, आणि नवशिक्याची फसगत होते ती तिथेच. इंग्रजीत ज्या शब्दांच्या शेवटी 'शन' येतं, त्यांतल्या कितीतरी शब्दांचा पोर्तुगीज अवतार 'साउँ'वर संपतो: 'इन्फुर्मसाउँ', 'नसाउँ', 'सिचुएशन'चं 'सितुअसाउँ'. 'युनिव्हर्सिटी'सारखी 'टी'वर संपणारी मंडळी 'दाद' लावून येतात: 'युनिव्हर्सिदाद'. ही दोन शेपटं कळली की शेकडो शब्द फुकटात पदरात पडतात. महिना-दोन महिन्यांत वर्तमानपत्राचे मथळे कळू लागतात, आपल्याला ही भाषा येतेय असं वाटायला लागतं. मग एक दिवस रेडिओ लावावा. एक शब्द कळत नाही. अनोळखी शब्द सोडा, काल वाचलेले शब्दही ओळखीचे वाटत नाहीत.

कारण असं, की पोर्तुगालचा माणूस आघात नसलेले स्वर गिळतो. कागदावर चार अक्षरांचा 'तेलेफोने' कानावर 'त्लफॉन' होऊन येतो. 'पेकेनो', म्हणजे लहान, 'प्केनु' होतो. शब्दाअखेरचा 'ओ' हा 'उ' होतो, शेवटचा 'स' हा 'श' होतो, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याच 'स'चा 'झ' होऊन दोन शब्द एकमेकांना चिकटतात. 'ओस आमिगोस', म्हणजे मित्रमंडळी, ऐकू येतात 'उझमीगुश'. डोळ्यांनी शिकलेल्या माणसाला हा एक परका शब्द वाटतो.

मराठीत आलेले पोर्तुगीज शब्द इथे कामाला येतील असं अनेकांना वाटतं. यादी बहुतेकांना पाठ असते, ती गप्पांत रंगतेही. पण ते शब्द आपल्याकडे आले शतकांपूर्वी, त्या वेळचे उच्चार घेऊन. आपली 'चावी' घ्या. तिच्या मूळ शब्दाचा आजचा उच्चार 'शाव्ह' आहे. तिकडे 'च'चा 'श' होऊन गेला आणि आपण जुना 'च' जपून ठेवला. लिस्बनमध्ये कुणी किल्ली मागितली तर 'चावी' जाणणाऱ्या माणसाला ती ओळखू येईलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या तीन-चार महिन्यांत निम्म्याहून जास्त वेळ कानाला द्यावा. ऐकायचं म्हणजे भांडी घासताना पॉडकास्ट लावून ठेवायचा, असं नाही. तसं ऐकण्याने आवाजाची सवय होते, भाषा येत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो श्रुतलेखनाचा. शाळेत ज्याचा कंटाळा यायचा तेच श्रुतलेखन.

वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, ज्याचा लिखित मजकूर हाताशी आहे असा. मजकूर झाकून ठेवायचा. ऐकायचं, थांबवायचं, ऐकू आलं ते लिहायचं. कळलं नाही तरी लिहायचं, आवाज जसा आला तसा. एक वाक्य उदाहरणाला घेते: पाऊस पडतोय आणि गाडीला उशीर झालाय. कागदावर ते आहे 'एस्ता आ शोव्हेर ए ओ कोंबोयो एस्ता आत्राझादो'. आठ शब्द. कानावर येतं 'श्ता शुव्हेर यु कोंबॉयु श्तात्रझादु'. पहिल्या खेपेला वहीत बहुधा 'कोंबॉयु' एवढंच उतरतं, बाकीची जागा कोरी. दुसऱ्यांदा 'शुव्हेर' सापडतं. मग मजकूर उघडायचा आणि जे जे हुकलं ते लाल शाईने भरायचं. ते 'एस्ता' कुठे गेलं? पहिला स्वर गेला, 'श्ता' उरलं. त्याच्या पुढचा एकटा 'आ' मागच्यात विरघळला. 'ए ओ' हे दोन शब्द मिळून 'यु' झाले. आता मजकूर पाहत पुन्हा ऐकायचं, मग न पाहता, आणि शेवटी त्या आवाजाच्या अर्धा शब्द मागे राहून आपणही म्हणायचं. नुसतं म्हणायचं नाही, त्याच घाईने म्हणायचं. स्वर गिळायला तोंडाला शिकवलं की कानालाही ते गिळलेले स्वर सापडायला लागतात.

असे तुकडे साठले की लाल शाईत एक नक्षी दिसू लागते. हुकतात ते मोठे, अवघड शब्द नव्हेतच. हुकतात बारके: 'च्या', 'मध्ये', 'की', 'त्याला' अशा अर्थांचे एकाक्षरी शब्द. त्यात पोर्तुगीज या बारक्यांना उपपदांशी जोडते. 'द' आणि 'उ' मिळून 'दु', 'एँ' आणि 'उ' मिळून 'नु', 'पुर' आणि 'उ' मिळून 'पेलु'. व्याकरणाच्या पुस्तकात यांचा एक तक्ता असतो, आपण तो एकदा वाचून पान उलटतो. तो तक्ता मात्र पाठ करावा, तोंडाने, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी रूपांसकट. पाठांतराच्या मी एरवी विरोधात आहे.

तुकडे कुठून आणायचे? लहान मुलांच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करा असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. त्यातले आवाज चित्रविचित्र, बोलणं भलतंच भरभर, आणि विषयाचा अंदाज बांधायला काही नसतं. त्यापेक्षा हवामानाच्या बातम्या कितीतरी बऱ्या. आवाज स्वच्छ, समोर नकाशा, आणि शब्द रोज तेच. 'सॅउ पोकु नुब्लादु', आकाश थोडं ढगाळ. 'व्हेंतु फ्राकु', मंद वारा. तापमानात थोडी वाढ, उत्तर किनाऱ्यावर सरी. पोर्तुगालच्या हवामान खात्याचे अंदाज लिखितही असतात, तेव्हा आधी वाचून मग ऐकता येतं. आठवड्याचे वारही इथेच घोटून होतात, आणि त्यांची गंमत अशी की ते चक्क मोजलेले आहेत. सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा', असं शुक्रवारपर्यंत, कारण मोजणी रविवारपासून. सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या बिशप मार्टिन यांना देवांच्या नावांचे वार नको होते, त्यांनी ते बदलले, असं सांगतात. शेजारच्या स्पॅनिशमध्ये देव शाबूत राहिले. सोमवारला 'दुसरा' म्हणणं कानात मुरायला वेळ लागतो. बराच काळ आपला मंगळवार चुकीच्या दिवशी उजाडतो. पुढच्या पायरीला पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीच्या, म्हणजे आरटीपीच्या बातम्या आहेत. त्यांचे जुने कार्यक्रमही ऑनलाइन सापडतात. ब्राझीलवाल्यांना तर साहित्याची ददातच नाही.

लिहिताना पहिले काही आठवडे मी मूळ स्पेलिंगच्या खाली देवनागरी वापरली, आणि मराठी माणसाने ती जरूर वापरावी असं मला वाटतं. या भाषेत उघडा 'ऑ' आणि मिटलेला 'ओ' वेगळे आहेत, तसेच 'ॲ' आणि 'ए'. आजी म्हणजे 'अव्हॉ', आजोबा म्हणजे 'अव्हो'. स्वर चुकला की आजीचे आजोबा होतात. हा फरक आपल्याकडे एका अर्धचंद्रात दाखवता येतो. मूळ लिपीत आघाताची खूण असते तेव्हा तीही सांगते, पण अनेक शब्दांवर खूणच नसते. 'ल्य' आणि 'न्य' तर आपल्याला आयतेच येतात: 'फील्यु' म्हणजे मुलगा, 'व्हीन्यु' म्हणजे वाइन. एका आवाजाला मात्र देवनागरीत अक्षर नाही, 'आत्ताच, झालंसुद्धा' या अर्थाच्या छोट्या शब्दातल्या पहिल्या आवाजाला. आपण त्याला 'जा' करतो, तो 'जा' नाही. 'श' म्हणायचा आणि म्हणता म्हणता घशात कंप आणायचा. मी वहीत त्यासाठी 'श'खाली टिंब द्यायची. शब्द डोळ्यांपुढे पक्के झाले की ही सगळी देवनागरी सोडून द्यावी, नाहीतर तीच कुबडी होते.

नाकातले स्वर ही याहून मोठी परीक्षा. 'पाउ' म्हणजे काठी, 'पाउँ' म्हणजे पाव. फरक फक्त नाकाचा. मराठीत अनुस्वार दिसला की आपली जीभ नाहीतर ओठ कुठेतरी टेकतातच. 'अंबर' म्हणताना ओठ मिटतात, 'अंत' म्हणताना जीभ दातांना लागते. 'पाउँ'च्या शेवटी काहीही मिटत नाही, टेकत नाही. हवा नाकातोंडातून एकदमच जाते. आपण मात्र सवयीने 'पाउन' किंवा 'पाउम' करून टाकतो. आपल्याकडे 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी 'नाहीं', 'कांहीं', 'तें' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ते अनुस्वार कधीकाळी असाच उच्चार दाखवत होते, म्हणजे आपल्याही भाषेला तो परका नव्हता. कोकणी बोलणाऱ्यांना आजही शिकवावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सोपी कसोटी आहे: नाक चिमटीत धरा आणि 'पाउ' म्हणा, आवाज जसाच्या तसा यायला हवा. मग 'पाउँ' म्हणा, आवाज कोंदला पाहिजे. आजूबाजूला कुणी नसताना करा.

व्याकरणात मराठी माणूस इंग्रजी भाषकाच्या चार पावलं पुढे असतो, हे फारसं कुणी सांगत नाही. टेबलाला लिंग कशाला, या प्रश्नात इंग्रजी भाषकाचे दोन महिने जातात. आपल्याला तो प्रश्नच पडत नाही, उलट तिकडे नपुंसकलिंग नाही म्हणून बरंच वाटतं. पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगाद', म्हणजे आभार मानणाऱ्याचं लिंग शब्दात दिसतं. 'आलो' आणि 'आले' रोज म्हणणाऱ्यांना यात नवल काय? क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून 'मी' गाळायचा, हीही आपलीच रीत. घरात 'तु', अनोळखी वडीलधाऱ्यांना 'उ सिन्योर', 'अ सिन्योरा', ही श्रेणीही आपल्याला समजते. फक्त पोर्तुगालमध्ये 'व्होसे' जपून वापरावा लागतो. ब्राझीलमध्ये तो सर्रास चालतो, पोर्तुगालमध्ये काहींना खटकतो.

आपले खड्डे वेगळे. लिंग कळतं, पण कुठलं ते आपल्या अंदाजाने चुकतं. लेखनात 'आ'कारान्त असलेले शब्द स्त्रीलिंगी हा नियम धरून चालावं तर 'दीअ' (दिवस), 'माप' (नकाशा) आणि 'प्रुब्लेम' हे तिघेही पुल्लिंगी निघतात, आणि 'माउँ', म्हणजे हात, स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीच एकटं लिहू नये, आधी पुल्लिंगी 'उ' किंवा स्त्रीलिंगी 'अ' हे उपपद लावूनच लिहावं. दुसरा खड्डा भूतकाळाचा. 'मी पत्र लिहिलं', 'मी चिठ्ठी लिहिली' असं आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. पोर्तुगीजमध्ये ते कर्त्याला सोडत नाही. तिसरा 'आहे'चा. आपल्या एका 'आहे'ला तिथे दोन क्रियापदं आहेत. 'एल ए बुनीत' म्हणजे ती सुंदर आहे, 'एल श्ता बुनीत' म्हणजे ती आज सुंदर दिसतेय. मराठीत जिथे 'दिसतेय', 'झालाय', 'बसलाय' म्हणावंसं वाटतं तिथे बहुधा दुसरं क्रियापद, एवढी खूणगाठ मला पुरली.

क्रियापदांचे तक्ते प्रचंड आहेत, ते पाहून घाबरून जायचं कारण नाही. असणे (दोन्ही), जवळ असणे, जाणे, करणे, शकणे, हवं असणे, एवढ्यांचा वर्तमानकाळ तोंडात बसला की दिवस निघतो. भविष्यकाळासाठी 'जाणे'ला मूळ क्रियापद जोडलं की झालं. नंतर साधा भूतकाळ घ्यावा, आणि तिथे एक सवलतही आहे: 'जाणे' आणि दोनांतलं पहिलं 'असणे' यांचा तो एकच आहे. 'फुय' म्हणजे मी गेले, आणि 'फुय' म्हणजेच मी होते. संदर्भाने कळतं, गोंधळ फारसा होत नाही. 'जर-तर'वाली रूपं पुढच्या वर्षावर टाकावीत.

शब्द लक्षात ठेवायला कार्डं चांगली: एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि विसरायच्या आत पुन्हा उजळणी. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला, सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये कार्डांच्या खोक्यांची पद्धत लोकांपुढे आणली, आणि 2006 पासून 'आंकी' नावाचं सॉफ्टवेअर तेच काम करतंय. दुसऱ्याने बनवलेले हजारोंचे गठ्ठे घेऊ नका. आपल्याच श्रुतलेखनात लाल शाई लागलेलं वाक्य घ्या, कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त त्याचा आवाज ठेवा, मागे मजकूर. थोडी कार्डं, रोज.

बोलायला कधी लागायचं? लोक यावर हिरिरीने भांडतात. माझ्या मते कानाला वाक्यातले शब्द सुटे करता यायला लागले की लगेच, त्याआधी घाई नको. आपण पाठ केलेला प्रश्न सफाईने विचारतो आणि समोरून त्याच सफाईने उत्तर आलं की बोलणंच खुंटतं. लिस्बनमध्ये आणखी एक अडचण आहे: आपण जरा अडखळलो की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. "मी शिकतेय, आपण पोर्तुगीजमध्येच बोलूया का?" आणि "जरा सावकाश" ही दोन वाक्यं इतकी घोटावीत की ती विचार न करता यावीत. शिक्षक मिळाला तर त्याला प्रत्येक चूक सुधारू देऊ नका. आठवड्याला एकच गोष्ट पकडायला सांगा, एकदा नाकातले स्वर, एकदा लिंगं.

किती वेळ लागतो याचं एक ढोबळ माप आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकांसाठी पोर्तुगीज सगळ्यात सोप्या गटात धरते, वर्गातले 600 ते 750 तास, तेही कामकाज करता येईल इतपत यायला. रोज तासभर दिला तर दोन वर्षं. परीक्षेचं ध्येय हवं असेल तर पोर्तुगालची ए-टू, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या खालून दुसऱ्या पातळीची 'सिप्ले' परीक्षा नवशिक्याला झेपणारी आहे, आणि तिच्यात ऐकण्याचा वेगळा भाग असतो. ब्राझीलची 'सेल्पे-ब्राझ' मात्र नवशिक्यांसाठी नाही, ती मधल्या पातळीपासूनच सुरू होते.

आणि इतकं करूनही एखाद्या मुलाखतीत काहीच कळलं नाही, तर आधी तो माणूस कुठला आहे ते पाहा. अटलांटिकमधल्या, पोर्तुगालच्याच अझोरेस द्वीपसमूहातल्या साओ मिगेल बेटाची बोली अशी आहे की तिथला माणूस बोलायला लागला की मुख्य भूमीच्या वाहिन्याही कधीकधी पडद्याखाली अक्षरं देतात. पोर्तुगीजचीच, पोर्तुगीजमध्ये.